ओट्यावरची सावली

गेल्या महिन्यात आमच्या घराचं काम काढलं. चारकोपच्या या घरात आम्ही 1989 साली राहायला आलो. तेव्हापासून रंगरंगोटी सोडली तर फारसं काही केलं नव्हतं. या वेळी मात्र मुलानं आणि सूनबाईनं मनावर घेतलं. इंटिरिअरवाला मुलगा लॅपटॉप घेऊन आला, डायनिंग टेबलावर बसून त्यानं आम्हाला आमचंच घर दाखवलं. ओळखूच येईना!

हॉलमध्ये फॉल्स सिलिंग. त्यात गोल गोल दिवे. कडेनं लपवलेली उजेडाची पट्टी. टीव्हीच्या मागे वेगळा उजेड, देवाच्या फोटोवर वेगळा. आणि सोफ्याच्या कोपऱ्यात एक उंच, धनुष्यासारखा वाकलेला दिवा. "हा इटालियन लुक आहे, आंटी," तो कौतुकानं म्हणाला. मी सवयीनं मोजले. हॉलमध्ये चौदा दिवे. मग पान उलटलं, स्वयंपाकघर आलं. छताला मधोमध एक ट्यूब.

"आणि ओट्यावर?" मी विचारलं.

तो माझ्या मुलाकडे बघायला लागला. मुलगा म्हणाला, "अगं आई, किचनमध्ये कोण बघतंय?"

तो वाईट हेतूनं बोलला नव्हता. माझा मुलगा चांगला आहे, चहा करतो, रविवारी भांडीही घासतो. पण ते वाक्य मला लागलं. त्या दिवशी मी उत्तर दिलं नाही. उत्तर आमच्या माळ्यावर पडलं होतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

दोन दिवसांनी माळा रिकामा करायला घेतला. पितळेचं घंगाळं, मुलाचा पाळणा, जुन्या दिवाळी अंकांचे गठ्ठे आणि पोत्यात गुंडाळलेला एक कंदील. सूनबाई म्हणाली, "आई, हा भंगारात?" मी टाकीवरून ओलं फडकं फिरवलं. गंजातून हळूहळू अक्षरं लागली. प्रभाकर.

माझ्या वयाच्या वाचकांना वेगळं सांगायला नको. पण सूनबाईनं विचारलं, "प्रभाकर कोण?" तेव्हा लक्षात आलं की तिला त्या सोफ्याजवळच्या दिव्याचा देश ठाऊक होता आणि घरातल्या दिव्याचं नावही ठाऊक नव्हतं. दोष तिचा नाही, आम्ही सांगितलंच नाही.

तर प्रभाकर म्हणजे ओगल्यांचा कंदील. पुणे-मिरज रेल्वेनं जाताना कराड स्टेशन लागतं ना, ते खरं म्हणजे कराड शहरात नाही, ओगलेवाडीत आहे. हे गाव ओगल्यांच्या काच कारखान्यामुळं नावारूपाला आलं. 1916 साली ओगले बंधूंनी इथे ओगले ग्लास वर्क्स सुरू केला. श्रीपादराव, गुरुनाथराव ही त्या भावांपैकी ठळक नावं. त्यांच्या वडिलांचं नाव प्रभाकर. प्रभाकर म्हणजे सूर्यसुद्धा! कंदिलाला याहून चांगलं नाव कुठून मिळणार?

कारखान्याला आधार होता औंधच्या राजेसाहेबांचा, म्हणजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींचा. संस्थान चिमुकलं, पण राजा हौशी. स्वतः चित्रकार, सूर्यनमस्काराचा कट्टर प्रचारक. त्याच संस्थानात 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली होती. एकीकडे नांगर, दुसरीकडे कंदील. आणि बायकांच्या पानावर हे सांगायलाच हवं, की त्याच किर्लोस्करवाडीतून 1930 साली 'स्त्री' मासिक निघू लागलं. दिवसभराची कामं उरकून 'स्त्री'चा अंक उघडणाऱ्या कितीतरी जणींच्या पुढ्यात प्रभाकरच असेल, असं मला वाटतं.

त्या काळात काच करणं सोपं नव्हतं. आपल्याकडे चिमणीची साधी काचसुद्धा परदेशातून यायची. स्वदेशीच्या चळवळीत अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागून पैसा फंड उभा केला, लोकमान्य टिळकांनी त्याला पाठबळ दिलं, आणि 1908 साली तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. जपान-अमेरिकेत काचेचं शिक्षण घेऊन आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे शिकवायला होते. काच कशी वितळवायची, कशी फुंकायची, हे तिथे शिकलेली माणसं मग देशभर पांगली. ओगल्यांचा कारखाना याच वाऱ्यावर उभा राहिला.

आणि कंदील म्हणजे नुसती काच नव्हे. मी तो खाली उतरवून सूनबाईला दाखवला. दोन बाजूंना दोन पोकळ नळ्या असतात, आपण त्यांना नुसते दांडे समजतो. वात पेटली की तापलेली हवा काचेतून वर निघून जाते, आणि बाहेरची ताजी हवा या नळ्यांतून खाली वातीपाशी येते. म्हणून भर वाऱ्यात गोठ्याकडे निघालं तरी दिवा फडफडत नाही. बाजूची कळ दाबली की काच वर उचलली जाते, काडी लावता येते. चावी फिरवली की वात वरखाली. वरची कडी हातात धरायला, खुंटीला अडकवायला. एका हातात पाण्याची कळशी आणि दुसऱ्या हातात दिवा असलेल्या माणसाचा विचार त्यात होता.

ही बनावट मूळची बाहेरची, अमेरिका-जर्मनीत असे कंदील आधी होत होते. ओगल्यांनी तो इथल्या मातीत, इथल्या कामगारांच्या हातांनी करून दाखवला आणि गावोगावच्या खुंट्यांवर नेऊन टांगला. हे काम लहान नाही.

आता जरा थांबते. कारण इथपर्यंत आलं की आपल्याला गहिवर येतो, 'काय ते दिवस!' असं सुरू होतं. माझ्या सासूबाई असत्या तर त्यांनी मला तिथेच अडवलं असतं.

सासूबाई सातारा जिल्ह्यातल्या. हा कंदील त्यांच्या घरचा. त्या सांगायच्या, रोज तिन्हीसांजेला कंदिलाची काच पुसायचं काम त्यांच्याकडे. लहान हात काचेत जातो म्हणून आधी पोरींकडे, मग नव्या सुनेकडे. राखेनं घासायची, मऊ फडक्यानं पुसायची, रॉकेल भरायचं, वात कात्रीनं सरळ कापायची. वाकडी कापली की एका बाजूनं काजळी धरते. काच फुटली तर बोलणी. एवढं सगळं करून पेटवलेला तो लखलखीत प्रभाकर जायचा कुठे? ओसरीवर. सासरे, दीर, आले-गेले यांच्यापुढे. आणि चुलीपाशी?

"चुलीपाशी चिमणी," सासूबाई म्हणायच्या. चिमणी म्हणजे पत्र्याच्या डबीत वात घातलेली, काच नसलेली, धूर ओकणारी. "भाकरी कडेनं सुटली का, ते डोळ्यांनी नाही, वासानं कळायचं आम्हाला."

बघा. दिवा हातांचा विचार करून केलेला होता. पण तो कुठल्या खुंटीला टांगायचा, हे कारखान्यात ठरत नव्हतं, घरात ठरत होतं.

आम्ही चारकोपला आलो तेव्हा हा सगळा भाग खाडीकडच्या खाजणाचा वाटायचा. म्हाडानं वर्ल्ड बँकेच्या मदतीनं इथे छोटे छोटे प्लॉट पाडले होते. मधे चौक, भोवती घरं, अशा लहान लहान सोसायट्या. अजूनही जुने लोक 'वर्ल्ड बँकेची घरं' म्हणतात. आता लिंक रोडवरून मेट्रो धावते, पण तेव्हा संध्याकाळी कांदिवली स्टेशनवरून घरी येताना जीव मुठीत असायचा, रस्त्यावर दिवे कमी. घर बांधताना पै पै जोडलेली. स्वयंपाकघराला एक ट्यूब लागली, छताला, मधोमध. आम्हाला तोच केवढा श्रीमंतीचा उजेड वाटला!

आता या ट्यूबची गंमत सांगते. गंमत कसली. ट्यूब खोलीच्या मधे, ओटा भिंतीला. म्हणजे ओट्यापाशी उभी राहणारी बाई नेहमी दिव्याकडे पाठ करून असते. तिची स्वतःची सावली तिच्याच हातांवर पडते. सुरी, विळी, उकळतं तेल, डाळीतला खडा, सगळं त्या सावलीत. मी पस्तीस वर्षं माझ्याच सावलीत कोथिंबीर निवडली आणि मला ते कधी जाणवलं नाही. कारण खोली तर उजळलेली दिसते ना!

सासूबाई गावाहून आमच्याकडे कायमच्या आल्या तेव्हा सत्तरीत होत्या. सवयीप्रमाणे ओट्यापाशी उभ्या राहून तांदूळ निवडायच्या. पण भातात खडे यायला लागले. एकदा मुलाच्या दाताखाली आला, एकदा पाहुण्यांच्या. मी सून, मी चांगल्या शब्दांत सांगितलं, "आई, राहू द्या आता, तुम्हाला दिसत नाही." डॉक्टरांनी तर मोतीबिंदू काढून झालेला, डोळे ठीक असल्याचं सांगितलं होतं. तरी आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं की वय झालं. त्यांच्या हातातलं सूप मी काढून घेतलं. त्या काही बोलल्या नाहीत. बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसून राहायला लागल्या.

मग आली 26 जुलै 2005. सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस. आमच्या गल्लीत गुडघ्याच्या वर पाणी, मिस्टर ऑफिसात अडकलेले, फोन बंद, दिवे गेलेले. मेणबत्त्या पहिल्या रात्रीच संपल्या. दुसऱ्या संध्याकाळी सासूबाईंनीच सांगितलं, "माळ्यावरचा प्रभाकर काढ." रेशनचं निळं रॉकेल घरात होतं. त्यांनी स्वतः काच पुसली, वात कापली, दिवा लावला आणि ओट्यावर, भिंतीला टेकवून, समोर ठेवला. आणि सूप ओढून तांदूळ घेतले.

थोड्या वेळानं म्हणाल्या, "आज दिसतंय गं मला."

त्या रात्री भातात एकही खडा आला नाही.

मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही. वाटलं, जुन्या माणसाला जुन्या वस्तूचं बळ आलं. दिवे परत आले, कंदील परत माळ्यावर गेला, सासूबाई परत खुर्चीत. चार वर्षांनी त्या गेल्या. आता, या घराच्या कामाच्या निमित्तानं, कंदील हातात घेऊन उभी राहिले तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. त्यांचे डोळे गेले नव्हते. उजेड चुकीच्या जागी होता. कंदील ट्यूबपेक्षा कितीतरी मिणमिणता, पण तो हातांच्या समोर होता, वीतभर अंतरावर. शाळेत शिकलेलं आठवतं का? दिव्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की उजेड निम्मा नाही, पावच उरतो. शिवाय म्हाताऱ्या डोळ्यांना तरुण डोळ्यांपेक्षा जास्त उजेड लागतो. म्हणजे जिला सगळ्यात जास्त हवा होता, तिला आम्ही सावलीत उभं केलं आणि वर म्हटलं, तुम्हाला दिसत नाही.

हे मी सूनबाईला सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आई, तो इटालियन दिवा आपण जरा शोधून बघू या." मला वाटलं, हिला त्या दिव्याचीच पडलीय! पण तिनं मोबाइलवर मूळ दिवा शोधला आणि आम्ही दोघी तिथेच पसाऱ्यात बसून वाचत राहिलो.

त्या धनुष्यासारख्या दिव्याचं खरं नाव आर्को. दुकानात मिळतो तो त्याचा नकली भाऊ. 1962 साली आकिल्ले आणि पिएर जाकोमो कास्तिल्योनी या मिलानच्या दोघा भावांनी तो केला, फ्लोस नावाच्या कंपनीसाठी. फ्लोस म्हणजे लॅटिनमध्ये फूल. ही कंपनीही त्याच वर्षी, उत्तर इटलीतल्या मेरानो गावात सुरू झालेली. महायुद्धात होरपळलेल्या त्या देशात तेव्हा नव्यानं घरं उभी राहत होती, आणि आर्तेमिदे, फ्लोस अशा दिव्यांच्या कंपन्या एकामागून एक निघत होत्या. कास्तिल्योनी बंधूंची तऱ्हा आपल्या गॅरेजवाल्यांसारखी! त्याच वर्षीचा त्यांचा दुसरा एक दिवा मोटारीच्या हेडलाइटचा केलेला आहे.

पण मला चकित केलं ते आर्कोच्या कारणानं. तो दिवाणखान्यात शोभेला ठेवायला केलेलाच नव्हता. प्रश्न होता जेवणाच्या टेबलाचा. टेबलावर वरून उजेड हवा, पण त्यासाठी छताला भोक पाडायचं नाही. मग दिव्याचा पाय टेबलापासून इतका लांब ठेवायचा की मधून वाढणारं माणूस ताटं घेऊन सहज जाऊ शकेल. म्हणून ती लांबलचक कमान. कमान तोलायला खाली कारारा संगमरवराचा ठोकळा, साधारण 65 किलोचा. त्या ठोकळ्याला आरपार एक भोक आहे. कशासाठी? केर काढताना दिवा हलवायचा झाला तर त्या भोकात झाडूचा दांडा घालून दोघांनी उचलायचा!

मला हसूच आलं. जगभरच्या म्युझियममध्ये ठेवलेला दिवा, आणि तो करणाऱ्यांच्या डोक्यात झाडू होता, वाढणारं माणूस होतं. आणि आमच्याकडे तो येणार होता सोफ्यामागच्या कोपऱ्यात, जिथून कुणी वाढायला जाणार नाही. दिवा आला, त्यामागचा विचार विमानतळावरच राहिला.

त्यांच्यात बाईसुद्धा होती, हे वाचून आणखी बरं वाटलं. गाए आउलेंती. 1965 साली तिनं मार्तिनेल्ली लूचे या कंपनीसाठी एक दिवा केला. नाव पिपिस्त्रेल्लो, म्हणजे वटवाघूळ. शेड तशीच पंख पसरलेली. त्याचा दांडा दुर्बिणीसारखा वरखाली होतो. उजेड कुठे हवा ते वापरणारीनं ठरवायचं. हीच आउलेंती पुढे पॅरिसमधल्या जुन्या ओर्से रेल्वे स्टेशनचं म्युझियम करण्याच्या कामात होती, ते 1986 साली उघडलं. आकिल्ले कास्तिल्योनी 2002 साली गेले. त्यांचा मिलानमधला स्टुडिओ पुढे लोकांसाठी खुला झाला. आणि आपल्या ओगल्यांची भट्टी केव्हाच विझली. गावाला नाव उरलं, तेही गाडीच्या खिडकीतून वाचून आपण पुढे जातो.

इटलीच्या दिव्याला नाव आहे, जन्मसाल आहे, करणाऱ्यांची ओळख आहे. त्यामुळं त्याची किंमत लाखांत. आपल्याकडे प्रभाकरसारखी वस्तू पिढ्यान् पिढ्या वापरायची आणि मग भंगारवाल्याला किलोवर द्यायची. आपण वस्तूंच्या गोष्टी सांगत नाही, म्हणून पुढच्या पिढीला वाटतं की चांगलं सगळं बाहेरूनच येतं.

पण माझं खरं म्हणणं एवढ्यावर थांबत नाही. ओगलेवाडी असो की मिलान, चांगला दिवा करणारा आधी हात बघतो, मग काच. घर मात्र आधी पाहुणा बघतं. काल ओसरीवर प्रभाकर आणि चुलीपाशी चिमणी होती. आज हॉलमध्ये चौदा दिवे आणि ओट्यावर सावली आहे. शंभर वर्षांत वीज आली, एलईडी आले, फॉल्स सिलिंग आलं, पण खुंटी बदलली नाही. 'किचनमध्ये कोण बघतंय?' या प्रश्नाचं उत्तर साधं आहे. जी तिथे काम करते, ती बघते. रोज, सकाळ-संध्याकाळ, ती बघते.

कुणी म्हणेल, एका दिव्याचं काय एवढं! मुली नोकऱ्या करतायत, मुलगे स्वयंपाक शिकतायत. खरं आहे. पण घरात कोणाच्या कामाला किती मोल आहे, हे भाषणांतून कळत नाही. घरात पैसा कुठे खर्च होतो आणि उजेड कुठे पडतो, यावरून कळतं. आणि हे बायकांनीही मान्य करायला हवं. माझ्या ओट्यावर दिवा हवा, असं मी पस्तीस वर्षांत एकदाही म्हटलं नव्हतं. सासूबाईंच्या हातून सूप काढून घेणारी मीच होते.

तर पुढच्या खेपेला इंटिरिअरवाला मुलगा आला तेव्हा सूनबाईनं त्याला स्वयंपाकघरात नेलं, ओट्यापाशी उभं केलं, हातात एक कांदा दिला आणि संध्याकाळची ट्यूब लावली. "चिर," म्हणाली. त्यानं कांद्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या सावलीकडे. शहाणा मुलगा. काही न बोलता लॅपटॉप उघडला. आता वरच्या कपाटांच्या तळाशी, पुढच्या कडेला, ओटाभर एलईडीची पट्टी लागली आहे. उजेड थेट हातांवर पडतो. हॉलमधले पाच दिवे कमी केले, त्यात हा खर्च सहज बसला. वाकलेला दिवा रद्द झाला. माझा मुलगा रविवारी भांडी घासताना म्हणाला, "अरे वा, आज खरकटं दिसतंय!" मी म्हटलं, "तुझ्या आजीला विचारायला हवं होतं."

प्रभाकर भंगारात गेला नाही. घासूनपुसून ओट्याशेजारच्या फळीवर ठेवलाय, हॉलमध्ये नाही. शोभेसाठी म्हणून ठेवलेलाच नाही तो. नातीनं विचारलं तर गोष्ट सांगता यावी म्हणून आहे.

तुमच्या घरी कंदील असेल नसेल. पण आज संध्याकाळी एवढं करा. दिवा लावून ओट्यापाशी उभ्या राहा आणि आपली सावली कुठे पडते ते बघा. आणि घरात एखादी आई, सासू, आजी असेल, जिला हल्ली 'दिसत नाही' असं तुम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलंय, तर तिला खुर्चीत बसवण्याआधी एकदा तिच्या हातांसमोर दिवा ठेवून बघा.

मला ते जमलं नाही. तुम्हाला अजून जमेल.